आधी ब्रेक, मग रंग

जुन्या वस्तूंविषयी आपल्या घरांतून दोन टोकांची मते आढळतात. एक पक्ष म्हणतो, जुने ते सोने. दुसरा म्हणतो, जुने ते भंगार. पहिला पक्ष बहुधा आजोबांचा असतो, दुसरा माळा झाडणाऱ्या गृहिणीचा. आणि निकाल बहुतेक वेळा केरसुणीच्या बाजूने लागतो. अलीकडे मात्र या वादात एक तिसरा पक्ष शिरला आहे. तो पंचवीस-तीस वर्षांच्या तरुणांचा. आपल्या जन्माआधी कारखान्यातून बाहेर पडलेले एखादे यंत्र गंजक्या अवस्थेत विकत आणायचे, त्याचा खिळान् खिळा सुटा करायचा, दोन-दोन वर्षे खपून ते पुन्हा चालते करायचे आणि मग ते जिवापाड जपायचे, असा हा छंद आहे. देवळाच्या बाबतीत आपण ज्याला जीर्णोद्धार म्हणतो, तेच हे काम. फक्त गाभाऱ्यात इंजिन असते. अशा छंदाकडे घरच्या वडीलधाऱ्यांनी कोणत्या दृष्टीने पाहावे, याविषयी या महिन्यात लिहावे असे मनात आहे.

या छंदाचे मोठे पीठ जपानी मोटारींभोवती उभे आहे. साठ-सत्तरच्या दशकांत जपानने क्रीडाप्रकारच्या, म्हणजे बुटक्या बांध्याच्या, चपळ आणि वेगवान अशा काही मोटारी बनवल्या. १९६७ साली विक्रीस आलेली टोयोटा २००० जीटी ही त्यांतली मानाची; १९६९च्या अखेरीस आलेली निसानची फेअरलेडी झेड, जी अमेरिकेत डॅटसन २४० झेड या नावाने गेली, ती लोकप्रियतेत पहिली. आज या मोटारींचे जुने नग लोक शोधून काढतात आणि त्यांच्यासाठी पदरचे पैसे व सुट्टीचे दिवस खर्च करतात. विशेष हे की, त्या कारखान्यांनीही आपल्या जुन्या लेकरांना टाकलेले नाही. निसानने १९९७-९८च्या सुमारास अमेरिकेत जुन्या २४० झेड स्वतः विकत घेतल्या, त्यांचा जीर्णोद्धार केला आणि आपल्याच दुकानांतून त्या पुन्हा विकल्या. माझदाने २०१७ साली आपल्या पहिल्या रोडस्टर मोटारीच्या जीर्णोद्धाराची सोय जपानात सुरू केली. टोयोटाने २०२०पासून जुन्या सुप्रा व २००० जीटी यांचे बंद पडलेले भाग पुन्हा घडवून देण्यास आरंभ केला.

आपल्याकडे या मोटारी आल्याच नाहीत म्हटले तरी चालेल. परदेशी मोटारींच्या आयातीवर बंधने होती आणि जकात न परवडणारी होती. स्वदेशी म्हणून जे होते ते म्हणजे कलकत्त्याजवळची अँबॅसेडर, मुंबईच्या कुर्ल्याची फियाट, पुढे जिला पद्मिनी म्हटले ती, आणि मद्रासची स्टँडर्ड. त्यांतला कुर्ल्याचा कारखाना सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या कंपनीचा, ही आपल्या अभिमानाची गोष्ट. पण या तिन्ही मोटारींना चपळ म्हणण्याचे धाडस त्यांच्या मालकांनीही केले नसते. १९८३ साल उजाडले आणि चित्र पालटले. त्या वर्षी १४ डिसेंबर रोजी पहिल्या मारुतीच्या किल्ल्या दिल्लीचे हरपाल सिंग यांना पंतप्रधान इंदिरा गांधींच्या हस्ते मिळाल्या. मोटार सुझुकीच्या घराण्यातली, पण कुटुंबवत्सल. जपानी वेगाचा खरा वारसा त्याच वर्षी दोन चाकांवर आला. तो म्हणजे फरीदाबादच्या एस्कॉर्ट्स कारखान्याची राजदूत ३५०. कर्नाटकात, गोव्यात, कोल्हापूर-बेळगावकडे ज्यांना या छंदाचे वेड लागते, त्यांचे दैवत बहुधा हेच असते.

ही मोटारसायकल मूळची यामाहा आरडी ३५०. नाव राजदूत असले, तरी दूधवाल्यापासून ग्रामसेवकापर्यंत सर्वांना घेऊन फिरणाऱ्या जुन्या १७५च्या राजदूतशी तिचे नाते आडनावापुरतेच. दोन सिलिंडर, ३४७ घनसेंटिमीटरचे टू-स्ट्रोक इंजिन आणि सहा गिअर. आपल्या रस्त्यांवर सहा गिअरची मोटारसायकल तोवर बनलेली नव्हती. मूळ जपानी इंजिनाची शक्ती ३९ अश्वशक्तीची. ती इथे कमी करून प्रथम साडेतीस आणि पुढच्या नमुन्यात सत्तावीसपर्यंत आणली. तरीही ज्या काळी मध्यमवर्गीय गृहस्थ स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहत होता, त्या काळी हे प्रकरण पेलणारे नव्हते. पेट्रोल फार खाई, सुटे भाग महाग आणि ती समजणारे मिस्त्री विरळा. १९८९च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. जी त्या वेळी कोणी घेईना, तिचा नीट राखलेला नग आज लाखांच्या घरात जातो.

यामाहाच्या कुळाची एक कथा इथे सांगितली पाहिजे, कारण ती शाळेशी निगडित आहे. तोराकुसु यामाहा हे गृहस्थ मूळचे दुरुस्ती करणारे कारागीर. १८८७ साली जपानातील हामामात्सू गावच्या प्राथमिक शाळेतला अमेरिकन बनावटीचा ऑर्गन बिघडला, तो दुरुस्त करण्यासाठी त्यांना बोलावण्यात आले. हे वाद्य म्हणजे आपल्या पेटीचे थोरले भावंड. त्यांनी ते खोलले, समजून घेतले, दुरुस्त केले आणि मग स्वतःच तसे वाद्य घडवले. तेथून वाद्यांचा कारखाना निघाला; त्याच घराण्यातून १९५५ साली मोटारसायकलींची कंपनी जन्मली; आणि वर उल्लेखिलेली टोयोटा २००० जीटी टोयोटाने घडवली ती याच यामाहाच्या सहकार्याने. गंमत अशी की, राजदूत ३५०च्या इंजिनात हवा-पेट्रोलचे मिश्रण आत सोडून परत न जाऊ देणारी जी पातळ पोलादी पट्टी असते, तिलाही रीडच म्हणतात. भात्याच्या वाऱ्याने पेटीतली पट्टी जशी हलते, तशीच ही इंजिनाच्या श्वासाने उघडते आणि मिटते.

हामामात्सूतील त्या दुरुस्तीनंतर एकच वर्षाने, १८८८ साली, आपल्या बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपल्या बंधूंसह सायकलींचे दुकान काढले. सायकली विकणे आणि दुरुस्त करणे हा त्यांचा धंदा. पुढे कडबा कापण्याचे यंत्र, लोखंडी नांगर आणि किर्लोस्करवाडी, हा सारा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. दोन देश, दोन कारागीर. दोघांचाही आरंभ दुसऱ्याने बनवलेली वस्तू दुरुस्त करण्यातून झाला. म्हणून दुरुस्तीला कमी लेखण्याचे कारण नाही. यंत्र नुसते चालवणाऱ्याला त्याचे फक्त तोंड दिसते. खोलणाऱ्याला त्याची बुद्धी दिसते.

आता या कामाचे स्वरूप पाहू. टू-स्ट्रोक इंजिनाचा एक स्वभाव आहे. त्यात ताजे मिश्रण सिलिंडरात जाण्याआधी क्रँकच्या पेटीतून जाते. म्हणून ती पेटी हवाबंद असावी लागते. तिच्या दोन्ही टोकांना रबरी ऑइल सील असतात. यंत्र वर्षानुवर्षे पडून राहिले की हे रबर कडक होते, चिरते. एका बाजूचे सील गेले तर बाहेरची हवा आत शिरते, पेट्रोलाचे प्रमाण घटते, इंजिन नको तितके तापते आणि पिस्टन सिलिंडरात जाम होतो. दुसऱ्या बाजूचे गेले तर गिअरपेटीतले तेल इंजिन ओढून घेते आणि मागून पांढऱ्या धुराचे लोट निघतात. सिलिंडर झिजला असेल तर तो लेथवाल्याकडे नेऊन रिबोर करावा लागतो. पाव-पाव मिलिमीटरने मोठे पिस्टन मिळतात. त्या मापाने भोक वाढवायचे आणि तेही फार वेळा वाढवता येत नाही. कार्बोरेटर दोन, ते एकाच वेळी सारखे उघडले पाहिजेत, नाहीतर एका बैलाने ओढावे आणि दुसऱ्याने मान टाकावी तशी गत होते. या साऱ्याला मागे उभा राहणारा कारखाना आता नाही. भाग मिळतात ते जुन्या साठ्यांतून, परदेशातून किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात, बेळगावच्या उद्यमबागेत एखाद्या लेथवर घडवून.

आमचे बाजारकुणंग जोयडा तालुक्याच्या जंगलपट्टीतले. पावसाळ्याचे चार महिने इथे दाराची कडीसुद्धा गंजते. उंबऱ्याशी ठेवलेली चप्पल दोन दिवसांत बुरशी धरते. अशा मुलखात लोखंडाचा जीर्णोद्धार करायचा म्हणजे काळाशी आणि पावसाशी एकाच वेळी सामना. तरीही आमच्या शाळेत शिकलेल्या, आता बाहेरगावी नोकरी करणाऱ्या एका तरुणाने तो आरंभला. गेल्या वर्षी वैशाखात त्याचे वडील माझ्याकडे आले. गृहस्थ मितभाषी; पण त्या दिवशी बसायच्या आधीच बोलले.

"गुरुजी, आता तुम्हीच त्याला सांगा. कौले परतायला ठेवलेले पैसे त्या फटफटीच्या पोटात गेले. दुकानात नव्या गाड्या काय कमी आहेत? हे मढे कशाला उकरीत बसलाय?"

त्यांचा राग अवाजवी नव्हता. मिरग तोंडावर आला असता कौले परतायची राहणे म्हणजे काय, हे या भागात राहणाऱ्यालाच कळेल. रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. गोठ्याला लागून असलेल्या पडवीत पोत्यावर ते इंजिन पसरलेले होते. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांत सुटे भाग, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी आणि शेजारी एक वही. कोणता भाग कोणत्या तारखेला काढला, कसा बसलेला होता, वॉशर कोणत्या बाजूला होता, ते सारे चित्रांसह लिहिलेले. परीक्षेच्या वहीत हेच अक्षर मला इतके नीटस कधी दिसले नव्हते. मी त्याला खर्चाचे पान दाखवायला सांगितले. पहिल्याच ओळीत ब्रेक होते: नवे लायनर, ड्रम लेथवर गोल करून घेतल्याची मजुरी, केबली, त्यांच्याखाली दोन टायर. इंजिनाचा खर्च त्यानंतर.

"आणि रंग?" मी विचारले.

"रंग शेवटी, सर. पैसे उरले तर."

या उत्तराने माझे मत त्याच्या बाजूने झुकले. परंतु छपराच्या पैशांचा प्रश्न उरलाच होता. तेथेच पडवीत बसून आम्ही तिघांनी ठरवले, की पुढच्या दोन पगारांतून आधी कौले परतायची, तोवर यंत्रासाठी एक नटसुद्धा आणायचा नाही आणि पुढे त्यावर जो खर्च होईल तो त्याच्या कमाईतला, घराच्या शिलकीतला नव्हे. मुलाने ते मानले. कौले मिरगाआधी परतली गेली. इंजिनाने तो पावसाळा तेल लावून, प्लॅस्टिकात गुंडाळून पोटमाळ्यावर काढला. दिवाळीनंतर काम पुन्हा सुरू झाले आणि वडील संध्याकाळी विजेरी धरून उभे राहू लागले, असे मी ऐकतो.

ब्रेकला मी एवढे महत्त्व का देतो, ते सांगतो. जपानी आरडी ३५०ला पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक होता. आपल्याकडे किंमत कमी ठेवण्यासाठी तो जाऊन ड्रम ब्रेक आला. म्हणजे वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या पुढचा आणि थांबण्याची सोय मात्र उतरत्या भाजणीची. त्यात टू-स्ट्रोकचा आणखी एक गुण लक्षात ठेवावा लागतो. मूठ सोडल्यावर चार-स्ट्रोकचे इंजिन गाडीला जसे मागे खेचते, तसे हे फारसे खेचत नाही; ती घरंगळतच राहते. आरडी या दोन अक्षरांचा तरुणांनी त्या काळी 'शीघ्र मरण' अशा अर्थाचा जो इंग्रजी विस्तार केला होता, तो निव्वळ विनोद नव्हता. अणशीच्या घाटातली वळणे, भिजलेली पाने, संध्याकाळी आडवे येणारे गवे. येथे इंजिन चालू होणे ही आनंदाची गोष्ट असेल, पण गाडी थांबणे ही आईबापांची गरज आहे.

मग तोच जपानी डिस्क पुन्हा का बसवू नये? पुष्कळ जण तसे करतात. मूळ जपानी घाटाकडे परत जाणे म्हणजे अशुद्धता नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद आहे आणि तो अगदीच पोकळ नाही. परंतु मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून दूर नेणाऱ्या बदलांना आळा घालते. आणि येथला निर्माता फरीदाबादचा, जपानातला नव्हे. तेव्हा असा बदल करण्याआधी परिवहन कार्यालयात विचारावे. शिवाय या गाडीच्या पुढच्या ड्रममधले दोन्ही शू एकाच क्षणी टेकतील अशी जोडदांडी असते. ती काळजीपूर्वक लावली, ड्रम गोल असला, लायनर योग्य जातीचे असले, तर तो ब्रेक पुष्कळ काम देतो. बहुतेक जुन्या गाड्यांत ब्रेकचा दोष नसतो, तो नीट न लावल्याचा दोष असतो. आणि ब्रेक नीट लावण्याच्या कामाला टाळ्या मिळत नाहीत, म्हणून ते राहून जाते.

कागदपत्रांचीही गोष्ट तशीच. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे तपासणी करून दर पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. २०२१ साली केंद्र सरकारने पुरातन वाहनांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांवरील वाहनांना त्यात निराळी नोंदणी व निराळी पाटी मिळते. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये शुल्क आणि वाहन रोजच्या वापरात आणायचे नाही, ही अट. १९८३ची राजदूत या मानाला २०३३ साली पोहोचेल. तोपर्यंत कायद्याच्या लेखी ती केवळ एक म्हातारी मोटारसायकल आहे. म्हणून भंगारातून, कागदाविना आणि 'पुढे बघू' अशा बोलीवर यंत्र घेऊ नये. चेसिसवरचा आकडा आणि नोंदणीपुस्तकातला आकडा जुळतो की नाही, हे पैसे मोजण्याआधी पाहावे.

दुसरा नवा प्रश्न पेट्रोलाचा. २०२३च्या फेब्रुवारीत बंगळूरला वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलाचा शुभारंभ झाला आणि आता ते सर्वत्र मिळते. इथेनॉल ओलावा शोषून घेते आणि जुन्या काळच्या रबराला ते मानवत नाही. आमच्यासारख्या दमट मुलखात अर्धी भरलेली टाकी महिनोन्‌महिने उभी ठेवली तर आतून गंज धरतो आणि तो गाळ कार्बोरेटरात उतरतो. तेव्हा नळ्या व सील इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे घालावेत आणि पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची तर टाकी व कार्बोरेटर रिकामे करून, टाकीला आतून तेलाचा हात फिरवून ठेवावा.

आणि धूर? त्याचे समर्थन मी करणार नाही. टू-स्ट्रोक इंजिनातून पेट्रोलाचा बराच भाग न जळताच बाहेर पडतो. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशी ही जात रस्त्यावरून गेली, ते योग्यच झाले. आमच्या भोवतीचे अरण्य हे काळी व्याघ्र प्रकल्पाचे अरण्य आहे. तेथे कर्कश नळी लावून रात्री गाडी पिटाळणे हा छंद नव्हे, उपद्रव आहे. जुने यंत्र महिन्यातून दोन-चार वेळा, मूळची नळी लावून, बेताने फिरवावे. कामाला जाण्यासाठी दुसरे वाहन असावे. जपणे आणि वापरणे यांत हे तारतम्य पाळले, तर कोणाची तक्रार असू नये.

एवढे सगळे सांभाळून यातून मिळते काय, असे कोणी विचारील. आमच्या तालुक्याने जुने सुपे गाव धरणाच्या पाण्याखाली गेलेले पाहिले आहे. ज्याचा जीर्णोद्धार होऊच शकत नाही, असे काय असते हे आम्हाला ठाऊक आहे. लोखंडाचे तसे नाही. ते गंजले तरी त्याचा आकार राहतो, माप राहते, आणि जाणता हात मिळाला तर ते पुन्हा चालते. धोका आहे तो हातांना. ज्या मिस्त्रींनी ऐंशीच्या दशकात ही इंजिने कानाने ओळखली, ते आता साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्यापैकी फारच थोड्यांनी काही लिहून ठेवले आहे. आपल्या मुलांपैकी कोणी अशा एखाद्या उस्तादापाशी बसून, हातात पाना आणि मांडीवर वही घेऊन, ते ज्ञान मराठीत टिपून ठेवील, तर गाडीइतकीच ती वहीही मोलाची ठरेल.

म्हणून परमुलखात संसार मांडलेल्या माझ्या वाचक कुटुंबांना एवढेच सुचवतो. घरातल्या मुलाने किंवा मुलीने असे एखादे गंजके यंत्र दारात आणून उभे केले, तर पहिल्याच दिवशी भंगारवाल्याला हाक मारू नये. आणि कौतुकाने तिजोरीही उघडू नये. चार गोष्टी शांतपणे विचाराव्यात. कागद कुठे आहेत? हिशेबाची वही कुठे आहे? शिकवणारा कोण आहे? आणि पहिला खर्च कशावर केलास? या चारांची उत्तरे नीट मिळाली, तर पोरगे वेगाच्या नव्हे, समजुतीच्या मागे आहे असे खुशाल समजावे आणि त्याला पडवीचा एक कोपरा द्यावा. रंगाची तारीफ करायला पाहुणे येतीलच. ब्रेकची चौकशी मात्र घरच्यांनीच करायची असते.